पोलादपूर नाक्यावर गाळलेली ओळ

आमच्या घरात कोरा कागद कधी विकत आणला गेला नाही. बाबा महाडच्या एका छोट्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि छपाईत बिघडलेली, शाई फासलेली, वाकडी उमटलेली पत्रकं मालक त्यांना घरी नेऊ द्यायचा. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी आणि माझा मोठा भाऊ मिलिंद गणितं सोडवायचो. फडताळात आई तीच अंथरायची आणि डब्यात तांदळाच्या भाकरीबरोबर सुकटीची चटणी बांधून द्यायची तीही त्यातच. त्यामुळे शाळेच्या पुस्तकाआधी मी पत्रकंच वाचली. जेवता जेवता चटणीच्या तेलाखालून ‘बंधूंनो, किती दिवस सोसणार?’ असली ओळ वर यायची आणि घास तसाच हातात राहायचा. रात्री बाबा हात रॉकेलने धूत बसत. नखांतली शाई तरीही जात नसे. धुता धुता ते दिवसभरात जुळवलेला मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवत आणि मध्येच थांबून म्हणत, “ही ओळ थंड हाय बघ. मी असतो तर काढून टाकली असती.” थंड ओळ काढून टाकायची, हे मी त्यांच्याकडून शिकले. सतराव्या वर्षी मी पहिलं पत्रक लिहिलं. ते आमच्या वस्तीच्या नळाबद्दल होतं, आणि त्यात एकही थंड ओळ नव्हती.

बिनतारी यंत्राकडे मी वळले ती मात्र निव्वळ कुतूहलाने. घरचा रेडिओ बंद पडला म्हणून तो हमीदचाचांच्या दुकानात घेऊन गेले. चाचा आयुष्यभर मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. निवृत्त होऊन महाडात आले आणि दुरुस्तीचं दुकान टाकून बसले. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचं स्वतःचं यंत्र होतं. सरकारी परवाना घेऊन हौसेने असं यंत्र चालवणाऱ्यांना हॅम म्हणतात, हे मला तिथे कळलं. कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून चाचा पितळी कळीवर टकटक करत आणि कुठल्या तरी दूरच्या बंदरात बसलेला त्यांचा जुना सोबती त्यांना टकटकीतच उत्तर देई. मी विचारलं, “हे परवाना काढून कुणालाही करता येतं?” चाचा म्हणाले, “कुणालाही. पण कान पाहिजे आणि तोंडावर ताबा पाहिजे. तुझा कान कसा हाय ते बघू. तोंडाचं मी ऐकून हाय.” वर्षभर मी रोज संध्याकाळी जाऊन ही टकटकीची मोर्स लिपी शिकले. फातिमाचाची वाटीत गरम सांदण आणून ठेवायच्या आणि नवऱ्याला दटावायच्या, “पोरीला आधी खाऊ तरी द्या. तुमची ती टिकटिक कुठं पळून चाललीय?” परीक्षा देऊन मला परवाना मिळाला तेव्हा आईने एकच प्रश्न विचारला, “म्हणजे आता तू कौलांवर चढून तारा बांधणार?” आणि मी खरंच चढले. शेजारच्या बायका खाली उभ्या राहून आईला म्हणत, “उतरव गो तिला, पडली तर कोण लगीन करंल?” आई वर बघायचीच नाही. भीती वाटली की ती तांदूळ निवडायला बसायची, आणि त्या महिन्यात आमच्या घरातले तांदूळ तीन-तीनदा निवडले गेले.

मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसं जमतात. कोकणातून, घाटावरून, मुंबईहून, एसटीने, ट्रकने, पायी. त्या गर्दीत दर वर्षी माणसं चुकत, उन्हाने चक्कर येऊन पडत, पाण्याचे टँकर भलतीकडे उभे राहत, आणि तळ्यावरचा निरोप एसटी स्टँडवर पोचेपर्यंत तास जाई. टेलिफोन होते, पण त्यावर नंबर लागणं नशिबाचा भाग होता. चाचांनी कचेरीत तीन महिने खेटे घालून लेखी परवानगी आणली. तळ्याजवळच्या मंडपात एक केंद्र, तिथे स्वतः चाचा. दुसरं पोलादपूरला, नाक्याजवळच्या एका शाळेच्या पडवीत, तिथे मी. परवानगीच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, कशाबद्दल बोलायचं: चुकलेली माणसं, आजारी माणसं, पाणी आणि वाहनं. बाकी एक अक्षर नाही. काही कमी-जास्त झालं तर जबाबदारी चाचांची, परवाना जाणार तोही त्यांचा. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला तीनदा बजावलं, “निरोप देणाऱ्याच्या तोंडून घ्यायचा, कागदावर लिहायचा, त्याला वाचून दाखवायचा, मग हवेत सोडायचा. त्याचे शब्द, तुझे नाय. जहाजावर कप्तानाने ‘आग लागली’ लिहून दिलं तर ‘भयंकर आग’ पाठवणाऱ्याला आम्ही समुद्रात टाकला असता.” मी हसले. तेव्हा हसायला येत होतं.

सकाळी सातलाच मी पडवीत तार ताणून, ट्रकची जुनी बॅटरी जोडून बसले होते. चूक होईल याची भीती नव्हती, भीती वेगळीच होती: इतकी खटपट करून काहीच घडलं नाही तर? नाक्यावर पोलिसांची चौकी बसली होती, एक हवालदार आणि चार शिपाई. घाट उतरून आलेल्या गाड्या ते हात करून पुढे सोडत होते. नऊच्या सुमाराला लग्नाच्या वऱ्हाडाचे दोन ट्रक आले, बाया-पोरांनी गच्च भरलेले, वर वाजंत्री. हवालदाराने हसून हात हलवला आणि ते गेले. मी त्या वेळी सहजच पाहिलं होतं.

दहाच्या पुढे आमच्या माणसांचे तीन ट्रक आले. घाटातल्या एका वाडीचे, आणि रस्त्यात त्यांना येऊन मिळालेल्या आणखी दोन वाड्यांचे. निळे झेंडे बघून शिपायाने काठी आडवी धरली. ट्रक कडेला घ्यायला लावले. माणसं उतरली, आणि हवालदार पहिल्या ट्रकच्या चाकाशी वाकला. त्या माणसांचे म्होरके साळवी गुरुजी होते, प्राथमिक शाळेचे शिक्षक, सावकाश बोलणारे, डोक्यावर टोपी, खिशात दोन पेनं. ते हवालदाराशी बराच वेळ बोलले आणि मग माझ्या पडवीत आले. “बाळ, तळ्यावर निरोप जाईल का?” मी कागद पुढे केला. त्यांनी विचार करून करून सांगितलं आणि मी लिहून घेतलं: ‘आमचे तीन ट्रक पोलादपूर नाक्यावर उभे आहेत. एका ट्रकचा ब्रेक नीट नाही, म्हणून पोलीस तपासत आहेत. उशीर होईल. लोकांना पाणी आणि सावली आहे. काळजी नसावी.’ मी वाचून दाखवलं. गुरुजी म्हणाले, “बरोबर.” आणि पुन्हा हवालदाराकडे गेले.

मी कागदाकडे बघत राहिले. ‘काळजी नसावी’ ही ओळ मला सहनच होईना. त्या तळ्यावर जायला निघालेल्या माणसांना त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर काठी आडवी घालून थांबवतात आणि आम्ही म्हणायचं काळजी नसावी? ती थंड ओळ होती. तिच्या आधीचीही थंड होती. मी माइकची कळ दाबली आणि पाठवलं, “पोलिसांनी आपल्या माणसांचे तीन ट्रक पोलादपूर नाक्यावर अडवले आहेत. बायामुलं भर उन्हात रस्त्यावर बसली आहेत.” बाया चिंचेच्या सावलीत होत्या. उन्हात होते ते ट्रकच्या हौद्यात बसून राहिलेले सात-आठ तरुण.

चाचांचा आवाज स्वच्छ आला. “मिळालं. निरोप कुणाचा? लोकांना पाणी हाय का? विचारून सांग. ओव्हर.” त्यांच्या मागे मंडपातलं भाषण, टाळ्या, कुणाचं तरी बाळ रडणं, सगळं ऐकू येत होतं. मी कळ दाबली आणि म्हटलं, “आवाज तुटतोय चाचा. ऐकू येत नाही. ओव्हर.” त्यांनी पुन्हा विचारलं, एकेक शब्द सुटा करून. मी आवाजाचं बटण पिळून खाली आणलं. चाळीस वर्षांत मी पुष्कळ बोलले, पुष्कळांना बोलले, तुरुंगाच्या दारातही बोलले आणि त्यातला एक शब्द मला परत घ्यावासा वाटत नाही. ते पिळलेलं बटण मात्र अजून बोटांना जाणवतं.

अर्ध्या तासाने मी बटण वर केलं तेव्हा चाचा मला हाक मारतच होते. आवाज नेहमीपेक्षा चढलेला. त्यांनी निरोप कागदावर घेऊन मंडपातल्या स्वयंसेवकाला दिला होता, खाली ‘खात्री व्हायची आहे’ असं लिहून. स्वयंसेवकाने खालची ओळ सोडून बाकीचं लाउडस्पीकरवरून वाचलं होतं. त्या वाड्यांची पुष्कळ मुलं बिरवाडीला खोल्या घेऊन राहत, कारखान्यांत काम करत. सभेला आलेली ती मुलं आपल्या आया-बहिणी उन्हात बसल्यात हे ऐकून उठली. दोन टेम्पो भरून साठेक मुलं पोलादपूरकडे निघाली होती. “हातात काय काय हाय ते मी बघितलंय,” चाचा म्हणाले, “आणि पुढच्या टेम्पोत तुझा मिलिंद हाय. आता खरं सांग बेटी, तिथं काय हाय?”

मी पडवीतून बाहेर बघितलं. चिंचेखाली बायांनी भाकऱ्या सोडल्या होत्या. एका म्हातारीने, तिला सगळे भागाआजी म्हणत, मला हात केला. “ये गो बाय, सकालपास्नं त्या पेटीशी बोलतंस, खाल्लंस का काय?” तिकडे साळवी गुरुजी आणि हवालदार एका गॅरेजवाल्याबरोबर चाकाशी उकिडवे बसले होते, आणि हवालदार गुरुजींना म्हणत होता, “हे दोन सोडतो गुरुजी, पाच मिनिटांत. तिसरा दुरुस्त झाला की येईल मागनं.” म्हणजे दोन ट्रक सुटत होते, आणि त्याच वेळी साठ मुलं काठ्या घेऊन निघाली होती ती माझ्या दोन वाक्यांवर.

मी माइक उचलला आणि खरा निरोप वाचायला लागले. तीन शब्दांनंतर यंत्रावरचा दिवा मंद झाला. बॅटरी बसली होती. चाचांचा आवाज क्षीण का होईना येत होता, पण माझा त्यांना जात नव्हता. “काही कळत नाय... पुन्हा... पुन्हा...” एवढंच. अर्ध्या तासापूर्वी मी जे खोटं बोलले होते ते आता खरं झालं होतं. मी माइक काढला आणि त्याजागी मोर्सची पितळी कळ जोडली. मोर्सला ताकद कमी लागते, आवाज पोचत नाही तिथे टकटक पोचते. रोमन अक्षरांत मराठी, एकेक अक्षर. गुरुजींचा निरोप पहिल्या शब्दापासून. सावली हा शब्द पाठवायला किती वेळ लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. मध्ये दोनदा चुकले, दोनदा मागे गेले. शेवटी ‘काळजी नसावी’ पाठवलं, आणि त्यानंतर माझे स्वतःचे शब्द: ‘आधीचा निरोप माझा. चूक माझी.’ पलीकडून चाचांची हळू, गोल, जहाजावरची टकटक आली: मिळालं. पाठोपाठ दुसरी: टेम्पो गेले. तू बघ.

मी रस्त्यावर धावले. गुरुजींना गाठून एका दमात सगळं सांगितलं, हवालदारासमोरच. गुरुजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. “मी दिलेला कागद कुठे आहे?” त्यांनी विचारलं. तो माझ्या मुठीत चुरगळलेला होता. तेवढ्यात वळणावर टेम्पोंचे हॉर्न ऐकू आले, घोषणा ऐकू आल्या. हवालदाराचा चेहरा क्षणात बदलला. “गुरुजी, ही तुमची शांतता काय?” तो म्हणाला, आणि शिपायांना ओरडला, “आता एकही चाक हलवायचं नाय!”

टेम्पो थांबायच्या आत मुलं उड्या टाकून उतरली. मी आणि गुरुजी रस्त्याच्या मधोमध उभे होतो. आमच्या पाठीमागे शिपायांच्या काठ्या आणि समोर मिलिंद, हातात लोखंडी पहार, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. “बाजूला हो सुजे,” तो म्हणाला.

“थांब. मी चुकीचं पाठवलं.”

“काय चुकीचं? ट्रक अडवलेत ना? हे काय दिसतंय?”

“अडवलेत. पण बाया सावलीत आहेत. जेवतायत. एका ट्रकचा ब्रेक खराब आहे, ते मी पाठवलंच नाही. गुरुजींनी काळजी नसावी म्हटलं होतं, ते मी खाल्लं.”

मागून कुणीतरी ओरडलं, “बहीण पोलिसांनी फोडली रे तुझी!” दोघं-तिघं हसले, वाईट हसले. ते हसू मी पुढे आयुष्यात अनेकदा ऐकलं, पण त्या दिवशी ते माझ्या कमाईचं होतं. त्याच वेळी भागाआजी चिंचेखालून उठून, पदराला हात पुसत, काठ्या-पहारींच्या मधून आली, जणू बाजारातून वाट काढतेय. “कोण तो मिल्या का? आनि हा आमचा सुरश्या? गिळलात का काय सकालपास्नं? का नुस्तं लोखंड घेऊन फिरतांव?” सुरश्या म्हणजे तिचा नातू, मिलिंदबरोबर कारखान्यात कामाला. त्याने काठी पाठीमागे लपवली. “आजी, तू उन्हात बसलीस म्हणून सांगितलं,” तो म्हणाला. “कोनी?” म्हातारीने विचारलं. मी म्हटलं, “मी.” तिने मला वरून खाली न्याहाळलं. “डोले बरे हायत ना गो तुजे?” एवढंच म्हणाली, आणि नातवाच्या दंडाला धरून त्याला चिंचेखाली घेऊन गेली. एक गेला तसे मग दोन गेले, दहा गेले. मिलिंदने पहार टेम्पोत फेकली तेव्हा तिचा जो आवाज झाला त्याने मी दचकले. तो माझ्याशी बोलला नाही. पुढचे दोन महिने बोलला नाही.

कुणाचं डोकं फुटलं नाही. पण ट्रकही सुटले नाहीत. पाच मिनिटांत सुटणारे दोन ट्रक हवालदाराने वरून हुकूम येईपर्यंत रोखून धरले. हुकूम यायला चार वाजले. गुरुजी तेवढा वेळ चौकीच्या बाकावर बसून होते, मधूनमधून उठून विचारत, पुन्हा बसत. मला त्यांनी रागाने एक शब्द सुनावला नाही, त्यामुळे जवळ जाण्याची हिंमत होईना. मी पडवीत बसून घड्याळ बघत होते. तळ्यावर सभा चारला संपणार होती. भागाआजीचा नवरा पहिल्या सत्याग्रहाला गेला होता, पाणी पिऊन आला होता, आणि ती घरी गुरांपाशी राहिली होती. तेव्हापासून दर वर्षी काही ना काही आडवं आलं. हे मला तिनेच सांगितलं, भाकरीचा तुकडा हातात देत, काहीच विशेष नाही अशा आवाजात.

ते वऱ्हाडाचे ट्रक मला तेव्हा आठवले. सकाळी तितकेच भरलेले दोन ट्रक याच नाक्यावरून गेले होते आणि त्यांचे ब्रेक कुणी तपासले नव्हते. निळ्या झेंड्यांचेच तपासले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, वेळेसकट सांगू शकत होते. मला जो अन्याय ओरडून सांगायचा होता तो माझ्यासमोर घडला होता, साधा, दोन ओळींत मावणारा आणि कुणाला खोडता न येणारा. मी तो सोडून दिला आणि नसलेलं ऊन पाठवलं. लोक मला आजही विचारतात, बाई, तुम्ही एवढ्या तापट, मग लिहिताना इतकं मोजून का लिहिता? तापटपणा कमी झालेला नाही. पण खोट्या उन्हाची किंमत खऱ्या माणसांनी चार वाजेपर्यंत कशी मोजली ते मी बघितलंय.

ट्रक पोचले तेव्हा सभा संपून गेली होती. स्वयंसेवक मंडपाच्या दोऱ्या सोडत होते, माणसं एसटीकडे लागली होती. वाडीतल्या बाया पायऱ्या उतरून पाण्याशी गेल्या. भागाआजीने ओंजळीने पाणी घेतलं, प्यायली, पुन्हा घेतलं, चेहऱ्यावरून फिरवलं. भाषणं हुकली म्हणून गुरुजी तिची समजूत घालायला लागले. ती म्हणाली, “भाषनं ऐकाया कोन आलावता?”

चाचा त्यांच्या टेबलाशी होते. टेबलावरचं कापड कुणीतरी काढून नेलं होतं. त्यांच्या नोंदवहीत माझा खोटा निरोप जसाच्या तसा होता, आणि खाली त्यांचा प्रश्न, वेळ, त्यापुढे ‘आवाज तुटतो म्हणून उत्तर नाही’. शेवटी मोर्समधला निरोप, माझ्या दोन्ही चुकांसकट आणि मागे जाण्यासकट. या सगळ्याचा अहवाल त्यांनाच पाठवायचा होता, आणि त्यावर कचेरी त्यांच्या परवान्याचं काय करणार ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, “चाचा, मी लिहिते अहवाल. चूक माझी म्हणून लिहिते.” ते नाही अशी मान हलवून यंत्राच्या तारा गुंडाळत राहिले. मी तिथेच उभी राहिले.

“तुमचा प्रश्न मला ऐकू आला होता,” मी म्हटलं. “दोन्ही वेळा.”

त्यांनी तार गुंडाळणं थांबवलं नाही. “माहीत हाय. तुझा सिग्नल इतका साफ होता की मागं कोंबडा आरवला तोही मी ऐकला. तुला मी ऐकू येत नाय, असं कसं होईल?”

“मग तुम्ही आवाज तुटतो असं का लिहिलंत?”

“तू सांगितलंस ते लिहिलं.” मग त्यांनी वही माझ्याकडे फिरवली आणि खिशातलं पेन काढून वर ठेवलं. “आता सांगितलंस, ते तू लिही.”

मंडपाचं शेवटचं कनातीचं कापड उतरत होतं. मी वाकून, उभ्यानेच, त्या ओळीच्या खाली लिहायला सुरुवात केली.